मोकळ्या अस्वलाशी शेजारधर्म

दोरीला बांधलेले अस्वल आपल्या दारात नाचत असे, तेव्हा त्याची भीती वाटत नव्हती. आता बांधलेले अस्वल उरले नाही आणि मोकळ्या अस्वलाच्या दारात आपणच घरे बांधली आहेत. बंगळूरच्या वेशीवर राहायला गेलेल्या कुटुंबांनी, आणि आपल्याकडच्या बुलढाणा-चंद्रपूरच्या मंडळींनीही, या शेजाऱ्याची रीतभात समजून घ्यायला हवी.

आज ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांना गल्लीत येणारा दरवेशी आठवत असेल. डमरूचा आवाज आला की हातातला घास टाकून पोरे बाहेर धावत. दरवेशाच्या हातात दोरी आणि दोरीच्या टोकाला काळेकुट्ट, केसाळ अस्वल! आजी सुपात पसाभर धान्य घेऊन बाहेर येई आणि रडणाऱ्या नातवाला अस्वलाच्या पाठीवर क्षणभर बसवून घेई. त्यामुळे म्हणे पोराची भीती जाते. जाताना दरवेशी अस्वलाचा एखादा केस देई. तो ताइतात घालून पोराच्या गळ्यात बांधला की आजीचा जीव भांड्यात पडे.

पोराची भीती गेली की नाही कोण जाणे, पण त्या मुक्या जनावराचे काय झाले होते हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. पिल्लू असतानाच त्याला आईपासून तोडलेले असे. तापवलेल्या सळईने नाकाला भोक पाडून त्यातून दोरी ओवलेली असे. दात पाडलेले असत. दोरीला हिसका बसला की जखम दुखे आणि म्हणून ते पाय उचले. त्यालाच आपण नाच म्हणत होतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हा प्रकार अनेक वर्षे चालू राहिला. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी १९९५ साली स्थापन केलेल्या 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने सहाशेहून अधिक अस्वले सोडवली. अस्वल नाचवणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा व्यवसाय काढून दिला, त्यांची मुले शाळेत घातली. अस्वलांसाठी आग्र्याला आणि नंतर २००५ साली बंगळूरजवळ बन्नेरघट्टा येथे निवारा केंद्र उभे राहिले. देशातले शेवटचे नाचणारे अस्वल म्हणून ज्याची नोंद झाली, तो राजू डिसेंबर २००९ मध्ये याच बन्नेरघट्ट्याच्या केंद्रात दाखल झाला.

एक अध्याय तिथे संपला, पण त्याच बन्नेरघट्ट्याच्या आसपास दुसरा अध्याय सुरू झाला होता.

शहर डोंगरापर्यंत पोचले

बंगळूरच्या दक्षिणेला बन्नेरघट्ट्याचे राष्ट्रीय उद्यान आहे. पश्चिमेला मागडीजवळ सावनदुर्गाचा अजस्र कातळ आहे आणि म्हैसूरच्या वाटेवर सुमारे पन्नास किलोमीटरवर रामनगरचे डोंगर आहेत. 'शोले'तला गब्बरसिंगचा अड्डा ज्या खडकांत होता, तेच हे डोंगर. प्रचंड शिळा एकमेकींवर रचल्यासारख्या पडलेल्या, त्यांच्यामध्ये गुहा आणि कपारी, भोवती काटेरी झुडपे आणि वारुळे. माणसाला हे माळरान ओसाड वाटते. अस्वलाला मात्र याहून चांगले घर सापडायचे नाही. दिवसा कपारीत गारव्याला पडून राहावे आणि दिवस मावळला की पोटापाण्याला बाहेर पडावे!

एके काळी या डोंगरांत आणि शहरात शेते, तळी आणि रागीची रोपे यांचे मोठे अंतर होते. संगणक कंपन्या आल्या, देशभरातून माणसे आली आणि बन्नेरघट्टा रस्ता, कनकपुरा रस्ता, जिगणी, आनेकल या बाजूंना इमारती उठल्या. त्यांत कितीतरी मराठी घरे आहेत. गॅलरीतून जंगल दिसते म्हणून लोक हौसेने चार पैसे जास्त देऊन सदनिका घेतात. पण जिथून आपल्याला जंगल दिसते, तिथून जंगलातल्यांनाही आपले दिवे दिसतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या स्वयंपाकाचा वास पोचतो, हे घर घेताना कोणी सांगत नाही.

अंतर किती कमी झाले ते सरकारी कागदांवरही दिसते. उद्यानाभोवती बांधकाम आणि खाणकामावर बंधने असलेला जो पट्टा राखायचा, तो २०१६ च्या मसुद्यात सुमारे २६९ चौरस किलोमीटर होता. २०२० साली अंतिम आदेश निघाला तेव्हा तो सुमारे १६९ चौरस किलोमीटर उरला. दगडाच्या खाणींनी कपारी फोडल्या त्या वेगळ्याच. २०२५ साली तर रामनगर जिल्ह्याचे नावच 'बंगळूर दक्षिण' झाले. अस्वल आपल्या जागीच होते, पत्ता बदलला तो त्याच्या घराचा!

प्रत्यक्ष शहरात आजवर गाजले ते बिबटे. पण डोंगराकडेच्या वस्त्यांना शेजार अस्वलाचाही आहे आणि बिबट्याचे नियम अस्वलाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

ते येते कशासाठी?

आपल्या या अस्वलाचा मुख्य आहार वाळवी, मुंग्या, मध आणि फळे. तीन-चार इंच लांबीच्या नख्यांनी ते वारूळ फोडते, नाकपुड्या मिटून घेते आणि वाळवी जोराने ओढून घेते. वरचे पुढचे दोन दात निसर्गानेच त्याला दिलेले नाहीत, ती फट जणू नळीसारखी उपयोगी पडते. हा ओढण्याचा आवाज शांत रात्री बराच दूरवर ऐकू येतो. माणसाचे मांस हे त्याचे खाणे नव्हे. ते माणसाची शिकार करायला वस्तीत येत नाही.

मग येते कशाला? याचे उत्तर हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात मिळते. किष्किंधेचा, म्हणजे जांबुवंताचाच हा मुलूख. १९९४ साली तिथे खास अस्वलांसाठी अभयारण्य झाले. पर्यटकांना अस्वले दिसावीत म्हणून तिथल्या खडकांना गोड लेप लावण्याची पद्धत पडली. लेप लावायचा अवकाश, संध्याकाळी डोंगरातून अस्वले उतरू लागत, कधी पिल्लांना पाठीवर घेऊन. पिल्लांना पाठीवर वाहून नेणारे हे अस्वल मोठे लेकुरवाळे जनावर आहे.

आता विचार करा. खडकावर बोटभर गोड लावल्यावर अस्वल येते, तर सोसायटीच्या फाटकाबाहेर रात्रभर उघड्या पडलेल्या कचऱ्यात आंब्याच्या कोयी, फणसाची चारखंडे आणि वाढदिवसाचा उरलेला केक असेल तर? निलगिरीत कुन्नूर आणि कोटगिरीच्या बाजूला चहाच्या मळ्यांतली अस्वले देवळात शिरून समईतले तेल पितात, दुकानांची आणि स्वयंपाकघरांची दारे फोडतात. अबूच्या पहाडावर हॉटेलांच्या उकिरड्यांपाशी अस्वले येतात, हे तिथल्या रहिवाशांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. एकदा असा आयता घास मिळाला की ते पुन्हा येते आणि पिल्लेही आईबरोबर तीच वाट शिकतात.

रागीट नव्हे, घाबरलेले

'अस्वल उगाच अंगावर येते' असे जंगलाकाठचे लोक म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण उगाच मात्र नाही. त्याची नजर मंद असते. नाक तीक्ष्ण, पण वारूळ उकरताना तोंड मातीत आणि लक्ष खाण्यात. आपण जवळ जाईपर्यंत त्याला पत्ताच नसतो. मान वर करावी तो समोर माणूस! हे जनावर हजारो वर्षे वाघ-बिबट्यांच्या सोबतीने जगत आले आहे. हरणासारखे पळून सुटणे त्याला जमत नाही. म्हणून एकच उपाय त्याच्या अंगी मुरला आहे. आधी आपण झडप घालायची, समोरच्याला लोळवायचे आणि मग पळ काढायचा. मादीबरोबर पिल्ले असली तर विचारूच नका.

म्हणूनच अस्वलाच्या हल्ल्यात चेहऱ्याला आणि डोक्याला भयंकर जखमा होतात, पण बहुतेक वेळा ते मारून खात नाही, निघून जाते. हे एकदा समजले की आपल्या सुरक्षिततेचे सूत्रही हाती येते. अस्वलाला दचकवायचे नाही, त्याला खायला आहे असे भासवायचे नाही आणि त्याची निघून जायची वाट अडवायची नाही.

खरा धोका गर्दीचा

यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड, कारण ती एकट्या-दुकट्याच्या हातात नसते. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळूरच्या कुंदलहळ्ळीत एका शाळेत बिबट्या शिरला. रविवार होता म्हणून मुले नव्हती, हे नशीबच. पण बातमी पसरताच बघ्यांची झुंबड उडाली. गोंगाटाने बिथरलेल्या बिबट्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. वन्यजीव अभ्यासक संजय गुब्बी यांच्यासह काही जण त्या गडबडीत जखमी झाले. २०२३ च्या अखेरीस सिंगसंद्र-कूडलू गेट भागातल्या इमारतींत एक बिबट्या फिरताना दिसला. त्याला पकडण्याच्या झटापटीत तो प्राणाला मुकला.

जनावर बिबट्या असो की अस्वल, दिवसा वस्तीत अडकले की ते लपायला जागा शोधते. त्याला अंधार पडेपर्यंत कोणी छेडले नाही, तर पुष्कळदा ते आल्या वाटेने परत जाते. पण आपण गच्चीवरून दगड मारतो, फटाके लावतो, भ्रमणध्वनी पुढे करून चित्रे काढतो. मग घाबरलेले जनावर जो पहिला समोर येईल त्याच्यावर तुटून पडते. तो बहुधा वनखात्याचा गरीब चौकीदार असतो किंवा कुतूहलाने पुढे गेलेला एखादा मुलगा.

घरात आणि सोसायटीत

डोंगराकडेच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पुढील गोष्टी अंगवळणी पाडून घ्याव्यात. यातल्या बहुतेक बिनखर्चाच्या आहेत.

० ओला कचरा रात्री बाहेर ठेवू नये. सकाळी गाडी यायच्या वेळीच काढावा. सोसायटीचे पिंप लोखंडी, घट्ट झाकणाचे आणि कडी लागणारे असावे. कुत्र्या-मांजरांसाठी खाणे रात्रभर बाहेर ठेवू नये.

० अंगणात आंबा, फणस, चिकू, सीताफळ असेल तर पिकलेली आणि गळलेली फळे संध्याकाळपूर्वी उचलावीत. इमारतीला आग्यामोहोळ लागले असेल तर ते स्वतः पेटवू नये, जाणकाराकडून काढून घ्यावे.

० देऊळ वस्तीत असेल तर रात्री तेल, नारळ आणि प्रसाद उघड्यावर ठेवू नये, दार लावून घ्यावे.

० फाटक, जिना, शौचालयाची वाट इथे चांगला उजेड हवा. कुंपणालगतची दाट झुडपे छाटून ठेवावीत, म्हणजे समोरचे लांबून दिसते.

० पहाटे आणि तिन्हीसांजेला फिरायला एकट्याने जाऊ नये. कानांत गाणी लावून तर मुळीच नको. दोघे-तिघे बोलत चालावे, हातात विजेरी आणि काठी असावी. काठी मारण्यासाठी नव्हे, आपटून आवाज करण्यासाठी.

० कुत्रा मोकळा सोडू नये. तो भुंकत अस्वलाच्या अंगावर जातो आणि मग घाबरून आपल्याच पायांत परत येतो. त्याच्या मागोमाग अस्वलही येते!

० रामनगर, सावनदुर्ग इथे सहलीला गेल्यावर गुहांत आणि कपारींत डोकावू नये. मुलांना ही गोष्ट आधीच बजावून ठेवावी. मोठ्या शहरातून आलेल्या मुलांना गुहा दिसली की लपंडाव सुचतो.

० घरकामाला येणाऱ्या बायका आणि रात्रीचे रखवालदार पुष्कळदा अंधारात, पायवाटेने, एकटे येतात. नियम फक्त सदनिकाधारकांसाठी करून भागणार नाही. त्यांची वेळ अर्ध्या तासाने पुढे-मागे करणे आपल्या हातात असते.

समोरासमोर आले तर

'दोन मित्र आणि अस्वल' ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग करून पडून राहतो आणि अस्वल त्याला हुंगून निघून जाते. तात्पर्य मैत्रीचे असले तरी अस्वलाबद्दलचा धडा मात्र तपासून घ्यायला हवा.

पहिली चूक झाडाची. आपले अस्वल मधासाठी सरसर झाडावर चढते. दुसरी चूक अशी की अस्वल लांब असतानाच जमिनीवर पडणे योग्य नव्हे. ते दूर असेल आणि त्याने पाहिले नसेल, तर गुपचूप आल्या वाटेने मागे फिरावे. त्याने पाहिले असेल तर पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, शांत आवाजात बोलत, एकेक पाऊल मागे सरकावे. आपण माणूस आहोत आणि चाल करून येत नाही, हे त्याला कळू द्यावे. पिल्लू दिसले तर आई जवळच आहे असे समजावे. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये कधीही जाऊ नये.

सगळे करूनही ते अंगावर आलेच तर मात्र त्या गोष्टीतल्या मित्राचा उपाय कामी येतो. पोटावर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे करावे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून कोपरांनी चेहरा झाकावा. पाठीवर पिशवी असेल तर ती काढू नये, तेवढेच पाठीला संरक्षण मिळते. अस्वल निघून जाईपर्यंत हलू नये. ते आपल्याला मेलेले समजते म्हणून सोडते असे नाही. समोरच्याकडून आता धोका उरला नाही, एवढे कळले की त्याचे काम संपते.

जखम झाल्यास

रक्त वाहत असेल तर प्रथम स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि तसेच रुग्णालय गाठावे. लहान जखमा आणि ओरखडे वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावेत. घरोघरी चालणारा हळद, चहापूड किंवा मिरची भरण्याचा उपाय करू नये. त्याने जखम दूषित होते आणि डॉक्टरांचे काम वाढते. अस्वलाच्या चाव्यानंतर धनुर्वाताबरोबर पिसाळरोगाची लसही घ्यावी लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. डॉक्टरांना हल्ला कोणत्या जनावराचा ते आवर्जून सांगावे. वनखात्याला त्याच दिवशी कळवावे. पंचनामा झाला तर सरकारी भरपाई मिळणे सोपे जाते. वनखात्याचा मदतीचा दूरध्वनी कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच आहे, १९२६. तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

आपल्याकडेही हेच

हा प्रश्न एकट्या बंगळूरचा नाही. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. त्या भागातल्या शेतकऱ्यांना अस्वल नवे नाही. मेळघाट, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया इथे उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपाने तोडायला माणसे पहाटेच जंगलात शिरतात. मोहफुलाचा वास अस्वलालाही तितकाच प्यारा आहे. एकाच झाडाखाली, एकाच अंधुक वेळी, दोघेही खाली मान घालून! तिथे कचऱ्याच्या पिंपाचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. म्हणून गट करून जाणे, बोलत-गात चालणे आणि चांगले उजाडल्यावर वेचायला लागणे, एवढेच हाती उरते.

आणि आपणच मागासलेले आहोत म्हणून हे घडते असेही समजू नये. जपानसारख्या प्रगत देशात २०२५ साली अस्वलांच्या हल्ल्यांत इतकी माणसे दगावली की अकिता प्रांतात सापळे लावण्याच्या कामी लष्करी जवानांची मदत घ्यावी लागली. जंगलातल्या फळांचा हंगाम बुडाला, खेड्यांतली माणसे कमी झाली, शेते ओस पडली आणि अस्वले गावात आली. तिथे गावे रिकामी झाली म्हणून, आपल्याकडे शहरे फुगली म्हणून. दोन्हीकडे मधला बांध नाहीसा झाला.

तो बांध आता पूर्वीसारखा होणे नाही. बंगळूरची माणसे उठून परत जाणार नाहीत आणि रामनगरच्या डोंगरांतले अस्वल तरी कुठे जाणार? वाघ-हत्तींप्रमाणे त्याच्या नावाने कोणी गळा काढत नाही. त्याला पकडून दुसरीकडे सोडा, अशी मागणी होते. पण दुसरीकडे म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी दारात. शिवाय इथला आयता घास तसाच राहिला, तर रिकाम्या जागी दुसरे अस्वल येईलच.

आपल्या आजीने अस्वलाच्या केसाचा ताईत बांधला तो नातवाची भीती जावी म्हणून. त्यात माया होती, पण किंमत त्या जनावराने मोजली. आजच्या आईला ताइताची गरज नाही. रात्री कचऱ्याच्या पिंपाची कडी लावावी, अंगणातला दिवा चालू आहे ना ते पाहावे आणि अस्वल दिसल्याची हाक आली तर मुलाचा हात धरून त्याला घरात घ्यावे, गच्चीवर नव्हे. या तीन गोष्टींनी मूलही सुखरूप राहते आणि डोंगरातले अस्वलही. आपल्या मनोरंजनासाठी ते पिढ्यान् पिढ्या दोरीवर नाचले. आता आपण त्याच्या वाटेतून थोडे बाजूला झालो, तर ते फार मोठे उपकार होणार नाहीत.